‘ताई, गणित करा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘आधी पाणी, मग सामने’ या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण दोन ओळींत मावेना, म्हणून इथे स्वतंत्र लिहिते.

लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाडा दुष्काळात होरपळत होता आणि मुंबई, पुणे, नागपूर इथे आयपीएलचे २० सामने ठरले होते. ‘लोकसत्ता मूव्हमेंट’ या संस्थेने जनहित याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ एप्रिलला आदेश दिला, की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मुंबई आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथेही त्यांना दाद मिळाली नाही. तो निर्णय योग्य होता, आणि पुन्हा अशी वेळ आली तर न्यायालयाने कान धरायची वाट न बघता आयोजकांनी आपणहून सामने हलवावेत, एवढंच मी लिहिलं होतं.

आता प्रतिक्रिया, जशीच्या तशी:

“ताई, भावना बाजूला ठेवा आणि जरा गणित करा. ६० लाख लिटर पाण्यात लातूरची तहान किती मिनिटं भागली असती? ऊस आणि दारूचे कारखाने सोडून क्रिकेटवर आग पाखडणं हे पुण्या-मुंबईकरांचं सोयीस्कर पुण्य आहे. सामने गेल्याने राज्याचा महसूल बुडाला, हातावर पोट असणाऱ्यांची रोजी गेली. मैदानाला तर प्रक्रिया केलेलं सांडपाणीच वापरणार होते. आणि संकटात खेळ थांबवायचा नसतो. न्यूयॉर्कने ९/११ नंतर मॅरेथॉन घेतलीच ना? लातूर नकाशावर दाखवता येणार नाही, अशांनी दुष्काळावर प्रवचन देऊ नये.”

स्पष्टवक्ते साहेब, मुद्दे मांडण्यावर माझी हरकत नाही. मतभेद असणारच. पण हा सूर कशासाठी? पाण्याबद्दल पुरुषाने लिहिलं की ते विश्लेषण आणि बाईने लिहिलं की भावनांचा पूर, हे कोष्टक कुणी घालून दिलं? माझ्या लेखात आकडे होते, तारखा होत्या, न्यायालयाचा आदेश होता. त्यातलं एक वाक्य उचलून तुम्ही ते चुकीचं ठरवलं असतंत, तर मी निमूट ऐकून घेतलं असतं. तुम्ही थेट माझी वहीच तपासायला घेतलीत.

तर मग ‘गणित करा’ म्हणालात, ते करूनच टाकू.

तिन्ही शहरांतल्या सामन्यांसाठी साधारण ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा न्यायालयात मांडला गेला. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी पोचली. दहा वाघिणी, त्यांत कृष्णेचं ५ लाख लिटर पाणी. म्हणजे सामन्यांचं पाणी हे तशा बारा गाड्यांइतकं. बारा गाड्या! ती एक गाडी लातूरला पोचावी म्हणून राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाघिणी वाफेने धुऊन पार मिरजेपर्यंत आणल्या होत्या, आणि मग पुढे मिरज ते लातूर, सव्वातीनशेहून जास्त किलोमीटर. देशभरचे कॅमेरे स्टेशनात उभे होते. पाच लाख लिटरचं एवढं कौतुक आणि साठ लाखांचं काहीच नाही?

तुम्ही म्हणाल, लातूर मोठं शहर आहे. आहेच. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या आसपास. टंचाईत टँकरने पाणी देताना माणशी रोज २० लिटरचा हिशेब धरतात. तो लावला तर शहराला दिवसाला ७६ लाख लिटर लागतं, म्हणजे तुमचे ६० लाख लिटर पूर्ण एक दिवससुद्धा टिकत नाहीत. घ्या, तुमचंच गणित मी तुम्हाला करून दिलं. मी कधी म्हटलं होतं, की सामने हलवले की लातूरचे नळ धो धो वाहू लागतील?

पण हेच पाणी दोन हजार वस्तीच्या गावाला लावून बघा. रोज ४० हजार लिटर. भागाकार करा. १५० दिवस येतात. शिमग्याच्या आधीपासून थेट मृग बरसेपर्यंत एका अख्ख्या गावाचा उन्हाळा निघतो. दहा हजार लिटरच्या टँकरच्या ६०० खेपा होतात. आता सांगा, हे पाणी ‘किती मिनिटांचं’? मिनिटं मोजायला तुम्ही शहर निवडलंत, कारण शहर घेतलं की आकडा चिमुकला दिसतो. गणित मलाही येतं, साहेब. आकडा कुणापुढे धरला की लहान दिसतो आणि कुणापुढे मोठा, तेवढंही कळतं.

आणि मूळ गोष्ट तर गणिताची नव्हतीच. वाजतगाजत निघालेली वरात मयताच्या घरापुढून जाताना वाजंत्री थांबवतात. वाजवणारे खांद्यावरचे ताशे तसेच धरून मुकाट्याने पुढे जातात आणि वळणापलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू करतात. त्या शांततेने मेलेला माणूस उठून बसत नाही. घरच्यांचं दुःख किती टक्क्यांनी कमी झालं, असा प्रश्नही कुणी विचारत नाही. आणि लग्न मोडत नाही, ते लागतंच. आयपीएलही मोडलं नाही. पुणे आणि मुंबईच्या संघांनी विशाखापट्टणममध्ये ‘घरचे’ सामने खेळले, अंतिम सामना वानखेडेऐवजी बंगळूरला २९ मे रोजी झाला, हैदराबादने करंडक उचलला. कुणाचं काय अडलं?

त्या पहिल्याच सुनावणीत न्यायालयाने विचारलं होतं, की माणसं महत्त्वाची की तुमचे सामने. हा प्रश्न लिटरचा नाही, रांगेत आधी कोण उभं राहणार याचा आहे. दुष्काळाच्या वर्षी धरणात उरलेल्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा, हे सरकारी नियमातही आहे आणि गावच्या अडाणी माणसालाही ठाऊक आहे. तुम्ही रांगेचा प्रश्न भागाकाराने सोडवायला निघालात.

आता तुमचं शेवटचं वाक्य. हे लागलं, लपवत नाही. ‘लातूर नकाशावर दाखवता येणार नाही.’

मी औसा तालुक्यातली. जन्म तिथला, शाळा तिथली. आज पुण्यात राहते म्हणून माझं गाव पुसलं जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही आदल्या रात्री गणपती बोळवून झोपलो होतो. आमचं घर राहिलं, पण बाजूच्या गावांत घरं राहिली नव्हती. त्या वर्षी आमच्या शाळेचा खो-खोचा संघ पहिल्यांदा जिल्ह्याला जाणार होता आणि मी त्यात होते. स्पर्धा झाली नाही. मैदानावर तंबू पडले, खांब पुरायच्या जागी धान्याची पोती उतरली. मी रडले होते, खोटं कशाला सांगू? वय तसं होतं. पण सरांकडे जाऊन ‘आमच्या पाच-पंधरा मिनिटांच्या डावाने या लोकांचं काय बिघडणार आहे’ असं विचारायचं आमच्यातल्या एकाही पोरीला सुचलं नाही. आणि तुम्ही मोठे होऊन, इंटरनेट हाताशी असताना, तोच प्रश्न विचारता.

२०१६ चंही सांगते. माझी आत्या लातुरात राहते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, नळाला पाणी येणं बंद झालं होतं. मार्चमध्ये टाक्या आणि टँकर भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलं होतं. पाण्यावरून डोकी फुटू नयेत म्हणून जमावबंदी, विचार करा. आत्याकडे अंघोळ म्हणजे बाजेवर बसायचं, खाली घमेलं. अंगावरून ओघळलेलं पाणी घमेल्यात, ते संडासाला. तांदूळ धुतलेलं पाणी वेगळ्या पातेल्यात, त्यात पहिली भांडी विसळायची, मग दुसऱ्या तांब्याने एकदाच. टँकर आला की गल्लीतल्या घराघरांतून निळे ड्रम घरंगळत बाहेर यायचे, आणि ड्रमवर ऑइलपेंटने नावं लिहिलेली असायची, कारण ड्रम चोरीला जात होते. पाणी भरलेला ड्रम तर कुलूप लावलेल्या खोलीत. मी एकदा सवयीने हात धुताना नळाखाली धरावेत तसे हात तांब्याखाली धरून राहिले, तर आत्या काही बोलली नाही, फक्त तांब्या उभा केला. नकाशा कुणाला दाखवताय?

हे मी लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं. आपलं दुखणं चव्हाट्यावर मांडून मत खरं ठरवायची मला आवड नाही. पण ‘प्रवचन’ म्हणालात म्हणून सांगावं लागलं. आणि एक विचारते: तुम्ही कुठले? टोपणनावामागे बसून दुसऱ्याला गाव विचारणं सोपं असतं.

एक गोष्ट मान्य करते, म्हणजे माझ्यावर एकांगीपणाचा शिक्का नको. क्रिकेट होतं म्हणून एवढी चर्चा झाली. टीव्हीवाल्यांना खेळाडू, मैदान, हिरवळ दाखवायला मिळाली. उसाच्या फडापुढे उभं राहून तितका तमाशा झाला नसता. हे खरं आहे आणि ते मला तेव्हाही खटकलं होतं. बातमीला झगमगाट लागतो.

पण म्हणून क्रिकेटला सोडायचं? ‘आधी उसाला हात लावा, मग आमच्याकडे या’ हे म्हणणं मला नवं नाही. ऊसवाले म्हणतात आधी दारूवाल्यांना विचारा, दारूवाले म्हणतात आधी शहरांतल्या गळत्या बघा, शहरवाले म्हणतात आधी शेतकऱ्याने ठिबक लावावं. या न्यायाने कुणीच कधी काही सोडायचं नाही. शिवाय दारूच्या कारखान्यांना कुणी विचारलं नाही, हे तुमचं विधान तपासून घ्या. त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि १० मेपासून ६० टक्के कपात करायला लावली होती. इतर उद्योगांनाही कात्री लागली. तुम्हाला आठवत नसेल, कारण त्याची तिकिटं विकली जात नव्हती. उसाबद्दल मात्र भांडण नाही. मराठवाड्यात, पाण्याची बोंब असताना, कारखान्यामागून कारखाना उभा राहिला हे पाप आहेच, आणि त्या पापाचे धनी कोण ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे.

सांडपाण्याचं म्हणाल, तर रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं पाणी वानखेडेला आणायची तयारी क्रिकेट मंडळाने (बीसीसीआयने) न्यायालयात दाखवली हे मला माहीत आहे. ते सुचलं कधी? न्यायमूर्तींनी फैलावर घेतल्यावर. टँकरने मैदानाला सांडपाणी आणता येतं हे ज्ञान त्याआधीच्या हंगामांत कुठे होतं? त्याच सुनावणीत पुणे आणि मुंबईच्या संघांनी मुख्यमंत्र्यांच्या दुष्काळ निधीला ५-५ कोटी द्यायची तयारी दाखवली. निधीला कोण नाही म्हणेल? पण हेही विचारल्यावरच. माझा अख्खा लेख याच ‘विचारल्यावरच’वर होता. तो शेवटपर्यंत वाचलात की शीर्षकावरूनच लिहायला बसलात, अशी शंका येते.

महसुलावर मी बोलणार नाही. वानखेडेचं पाणी लातूरला कसं पोचणार होतं, हा दुसरा एक प्रश्नही दोन-तीन जणांनी विचारला आहे. त्यावर न्यायालयात वकिलांनी भरपूर खल केला आणि निकाल काय लागला ते समोर आहे. रोजी गेलेल्यांबद्दल वाईट वाटतंच, पण त्यांची आठवण काढणाऱ्यांनी मराठवाड्यातून मुंबई-ठाण्याच्या पुलांखाली येऊन पडलेल्या कुटुंबांचीही रोजी मोजावी. आणि १ मेचा पुणे-मुंबई सामना पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर होऊ दिलाच होता न्यायालयाने, ऐनवेळी धावपळ नको म्हणून. इतकंही आंधळं कुणी वागलं नव्हतं. त्या वेळी पुण्यात आमच्याकडेही दिवसाआड पाणी येत होतं, हेही जाता जाता सांगून ठेवते.

आता न्यूयॉर्क. हे उदाहरण तुम्ही दिलंत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण ते अर्धंच दिलंत.

हल्ला ११ सप्टेंबर २००१ चा. मॅरेथॉन झाली ४ नोव्हेंबरला. मध्ये जवळपास आठ आठवडे गेले होते. शहराला तेव्हा धीर हवा होता आणि रस्त्यावर धावणाऱ्या माणसांनी तो दिला, याबद्दल दुमत नाही. मी खेळाच्या विरोधात नाहीच. १९९५ च्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला, आणि त्याच वर्षी कोबेच्या ओरिक्स बेसबॉल संघाने आपल्या गावातच खेळून पॅसिफिक लीग जिंकली. त्याने लोकांना किती उभारी मिळाली हे जपानी माणसं आजही सांगतात. पण तोही हंगाम सुरू झाला तो वसंतात, भूकंपाला दोन महिने उलटून गेल्यावर.

आणि आता तुम्ही गाळलेली अर्धी गोष्ट. तेच शहर, तीच मॅरेथॉन, तारीखही तीच, ४ नोव्हेंबर. साल २०१२. २९ ऑक्टोबरला ‘सँडी’ वादळ धडकलं होतं, म्हणजे मध्ये फक्त सहा दिवस. शर्यत सुरू होते स्टॅटन आयलंडवरून, आणि सर्वांत जास्त मार बसलेल्या भागांत तेच बेट होतं. तिथे अजून घरांतून मृतदेह निघत होते, हजारो घरांत वीज नव्हती. आणि तिकडे सेंट्रल पार्कात मॅरेथॉनच्या तंबूंसाठी जनरेटर लावून ठेवलेले. त्या जनरेटरचे फोटो वर्तमानपत्रात आले आणि लोक भडकले. हॉटेलच्या खोल्या धावपटूंच्या नावावर, आणि बेघर झालेली माणसं दारात. महापौर मायकेल ब्लूमबर्ग आधी ‘शर्यत होणारच’ म्हणत होते, अगदी तुमच्याच सुरात: शहराला उभारी, धंद्याला हातभार. शुक्रवारी, २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यांनी शर्यत रद्द केली. १९७० पासून चालत आलेली मॅरेथॉन पहिल्यांदा रद्द झाली. परदेशातून हजारो धावपटू येऊन बसले होते, त्यांचा हिरमोड झाला, पैसे गेले. त्यांतल्या कित्येकांनी रविवारी पाठीवर सामान बांधलं आणि फेरीबोटीने स्टॅटन आयलंड गाठलं, वाटप करायला, चिखल उपसायला.

तिथेही कुणीतरी भागाकार केलाच असेल. दोन-चार जनरेटरनी किती घरं उजळली असती? थोडीच. तरी ते बागेत उभे असलेले बघून माणसं चिडली, आणि बरोबर चिडली. २००१ ला शर्यत झाली आणि २०१२ ला झाली नाही, यात विसंगती नाही. आठ आठवडे आणि सहा दिवस यांत फरक असतो. लातूरला तर एप्रिलमध्ये संकट ओसरलंही नव्हतं, चढत होतं. पाण्याच्या गाड्या त्यानंतर पावसाळ्यापर्यंत चालू होत्या, पुढे पुढे तर ५० वाघिणींच्या, २५ लाख लिटरच्या.

राहिलं तुमचं ‘सोयीस्कर पुण्य’. माझ्या मुलाने त्या मोसमात गहुंज्याच्या सामन्यासाठी पैसे साठवले होते. १ मेनंतरचा तो सामना बाहेर गेला तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, कारण मी घरात न्यायालयाची बाजू घेतली होती. क्रिकेट आमच्याही घरात देवघरानंतरचं आहे. मला त्यात काहीही सोयीचं नव्हतं.

उसाला सोडून मी क्रिकेटवर आग पाखडते, असं तुमचं म्हणणं. उसावर मी पूर्वी लिहिलं आहे, उजवीकडच्या यादीत ‘पाणी’वर टिचकी मारलीत तर सापडेल. तरी तुमच्याकडे उसाबद्दल आणि कारखान्यांबद्दल सांगण्यासारखं काही असेल, तर लेख लिहून पाठवा. काटछाट न करता इथेच छापते. अट एवढीच, की तो खऱ्या नावाने आणि गावासकट पाठवायचा. आणि तसा पाठवणार नसाल, तर पुढची प्रतिक्रिया नकाशाचा उल्लेख न करता लिहा. तेवढ्यावरच उत्तर देईन, बाकीच्यावर नाही.